नकाशेवाल्या बाई

"हात."

एवढंच म्हणायच्या. नमस्कार नाही, या-बसा नाही. रेकॉर्ड रूमच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून आपण दोन्ही तळहात पुढं करायचे. बाई चष्म्याच्या वरून ते बघायच्या, पालथे करायला लावायच्या आणि संशय आलाच तर जवळ घेऊन चक्क वास घ्यायच्या. मी तिथं अनुरेखक म्हणून लागलो, म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्याची नक्कल काढणारा माणूस. पहिल्याच दिवशी मला दारातून परत पाठवलं. सकाळी शेंगदाण्याची चटणी खाऊन आलो होतो. "तेलाचं बोट लागलं की कापड पिवळं पडतंय. साबण लावून या, आन् उनात वाळवून या. धोतराला पुसू नका." मी पँट घातली होती. पण बाईंपुढं असले बारीकसारीक मुद्दे काढायची सोय नव्हती.

बीड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव आणि तिथलं जमीन मोजणीचं ऑफिस. बाई तिथं अभिलेखपाल. त्यांचे यजमान ह्याच ऑफिसात मोजणीदार होते. ऐन उमेदीत गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपा म्हणून बाईंना घेतलं. सगळ्यांना वाटलं, बिचारी विधवा बाई, कोपऱ्यात बसून फायली लावील. कसलं काय! वर्षभरात ऑफिस बाईंना भिऊन चालायला लागलं. साहेबसुद्धा रेकॉर्ड रूमबाहेर चपला काढायचे आणि चहाचा कप खिडकीत ठेवून आत यायचे. पाणी, चहा, पान, तंबाखू, काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. बाई घरून भस्म लावून निघायच्या, त्यांच्या घराण्यातच होतं ते, पण ऑफिसच्या दारात आल्या की पदरानं कपाळ पुसून टाकायच्या. नकाशावर राख पडायला नको. एकदा शिपाई म्हणाला, अहो देवाचं आहे. त्यावर म्हणाल्या, देवाला समजतंय, कापडाला समजत न्हाई.

ते नकाशे निजामाच्या काळातले. जाड कापडावर चिकटवलेले, हातानं रंगवलेले, अक्षरं उर्दूतली. कुठं काळी जमीन, कुठं पडीक, कुठं गायरान, कुठं मसणवटा, कुठली वाट कुठल्या विहिरीवरनं जाते, सगळं रंगात. हिरव्या रंगाची पट्टी दिसली की समजायचं, हे गायरान, गावच्या जनावरांचं. बाईंनी एका निवृत्त मुन्शींकडं जाऊन त्या अक्षरांपुरतं उर्दू शिकून घेतलं. त्यासाठी कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बढती देणार नव्हतं. वर्षातून एकदा कपिलधारच्या यात्रेला रजा घ्यायच्या तेवढीच, आणि तिथूनही दुसऱ्या दिवशी हजर. मी विचारलं, राहायचं की दोन दिवस. तर म्हणाल्या, हवा दमट झालीया, हिवरा एकटाच पसरून ठिवलाय.

हिवरा म्हणजे हिवरा गावाचा नकाशा. नकाशांना त्या नकाशे म्हणतच नसत. पिंपरीला कसर लागली, खामगाव लई दमलाय, त्याला आता गुंडाळू नका, असं चालायचं. एकदा एसटी स्टँडवर मला बघून लांबूनच म्हणाल्या, "पिंपरीचा डावा खांदा फाटलाय, उद्या खळ लावायला लागंल." बाकावर बसलेली एक बाई पोराला घेऊन उठून दुसरीकडं जाऊन बसली. खळ म्हणजे गव्हाच्या पिठाची, त्यात मोरचूद घालून शिजवलेली, म्हणजे कीड लागत नाही. ती खळ बाई घरी करायच्या आणि वाटीवर झाकण घालून आणायच्या. दसरा झाला की एकेक गाव काढून व्हरांड्यात, सावलीत वारा द्यायचा. उन्हात टाकायचं नाही, रंग उडतो. चार कोपऱ्यांना चार गोटे, तेही धुतलेले. व्हरांड्यातून जाणारा माणूस भिंतीला घासून जायचा.

शिपायाच्या पोराच्या बारशाची गोष्ट तर सगळ्या तालुक्यात झाली. आम्ही सगळे गेलो होतो. बाईंनी पोराला मांडीवर घेतलं, कुंची निरखून बघितली आणि कुंचीच काढून घेतली. नकला काढायला पूर्वी एक खळ दिलेलं गुळगुळीत कापड यायचं. ते गरम पाण्यात टाकलं की खळ निघून आत मलमलीसारखं मऊ कापड निघतं. शिपायानं भंगारात टाकलेली एक नक्कल घरी नेली होती, त्याच्या बायकोनं धुऊन त्याची कुंची शिवलेली. शाईच्या रेषा पार गेल्या नव्हत्या. "ह्याच्या डोक्यावर निम्मं गाव हाय," बाई म्हणाल्या आणि कुंची घडी करून पिशवीत टाकली. शिपायाची बायको रडायला लागली. दुसऱ्या दिवशी बाईंनी नवीन रेशमी कुंची आणि वाळे नेऊन दिले, पण ती जुनी काही परत केली नाही. ती उसवून, इस्त्री करून, त्या गावाच्या रुमालात, म्हणजे नकाशा बांधायच्या फडक्यात, ठेवली.

मग कम्प्युटर आले. म्हणजे आधी कम्प्युटरसाठी थंड खोली पाहिजे म्हणून निरोप आला आणि कम्प्युटर मागाहून आले. साहेब म्हणाले, रेकॉर्ड रूम निम्मी मोकळी करा, जुने नकाशे गोदामात टाकू. गोदामाचे पत्रे फुटके होते. बाई खुर्ची घेऊन दारात बसल्या. साहेब तसा भला माणूस, समजुतीनं म्हणाला, बाई, आता सगळं त्यात भरणार आहे, नवीन तयार झाल्यावर जुनं कशाला? बाई म्हणाल्या, "नवीन चुकलं तर कुणाला इचारणार?" शेवटी थंड खोली साहेबांच्या केबिनीत झाली आणि साहेब बाहेर आमच्यात येऊन बसले.

इथवरचं मी हसत सांगतो. पुढचं हसत सांगता येत नाही.

आमच्या गावाला चिकटून एक खेडं आहे. नाव सांगत नाही, तिथं माझे पाहुणे आहेत. त्या बाजूचा रस्ता रुंद झाला आणि प्लॉटिंगचा धडाका सुरू झाला. काल ज्वारी होती तिथं आज चुन्याची पांढरी फक्की मारलेले चौकोन आणि झेंडे. ह्या धंद्यात सगळ्यांच्या आधी, बाई नोकरीला लागायच्याही आधी उतरला तो तालुक्यातला एक पुढारी. बाईंचं घर त्याच्याच प्लॉटिंगमध्ये, ओढ्याच्या काठाला. यजमानांनी हयातीत प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, दारात बेल लावला. त्या सगळ्या प्लॉटिंगची सरकारी मोजणीही यजमानांनीच केलेली.

त्या खेड्यातल्या एका मेंढरंवाल्यानं प्रांतसाहेबांकडं अर्ज टाकला. ओढ्याच्या अलीकडची पट्टी गावच्या गायरानाची आहे, तिच्यावर घरं झाली, आता राहिलेल्या गायरानावरही फक्की पडलीय, मेंढरं न्यायची कुठं, असा अर्ज. पुढाऱ्याचं म्हणणं, माझी हद्द थेट ओढ्यापर्यंत, सरकारी मोजणी झालेली आहे. प्रांतसाहेबांनी हुकूम काढला, मूळ नकाशा हजर करा. त्या गावाचा नकाशा जगात एकच उरला होता, आमच्या रेकॉर्ड रूममधला. जिल्ह्याची प्रत कधीच पावसात भिजून गेली होती आणि कम्प्युटरात ते गाव अजून चढलं नव्हतं. तो एक नकाशा नसला तर यजमानांची मोजणी खरी ठरणार होती आणि गायरान संपणार होतं.

बाई हुकूम वाचून खूश झाल्या. कापडाला शेवटी कुणीतरी बोलावलं, असं त्यांना वाटलं. हद्द ओढ्यापर्यंतच असंल म्हणाल्या, मोजणी आमच्या ह्यांची हाय. दरवर्षी त्या गावाला वारा द्यायच्या, उर्दू अक्षर न् अक्षर पाठ होतं, पण आपल्या प्लॉटिंगचा कागद त्याच्याशी लावून त्यांनी कधी बघितला नव्हता. नवऱ्यानं मोजलंय ते बायकोनं परत कशाला मोजायचं?

ते लावून बघायचं काम माझ्याकडं आलं. प्लॉटिंगचा नकाशा पारदर्शक कागदावर मूळ नकाशाच्या मापात काढला, हात धुतले, दाखवले, आत गेलो आणि कागद कापडावर ठेवला. देऊळ देवळावर बसलं. विहीर विहिरीवर बसली. ओढाही ओढ्यावर बसला. पण मूळ नकाशात पुढाऱ्याची जमीन ओढ्यापर्यंत जातच नव्हती. ती बरीच अलीकडं, दगडांच्या एका ओळीपाशी संपत होती. दगड आणि ओढा ह्यांच्यामध्ये हिरवी पट्टी. त्या हिरव्यात घरांचे चौकोन आणि त्यांतला एक बाईंचा.

मला दरदरून घाम फुटला. घामाचा थेंब पडू नये म्हणून मी मागं सरलो, तर बाई मागंच उभ्या होत्या.

"परत लावा," म्हणाल्या.

मी उचलून परत लावला.

"परत."

परत तेच. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, झालं, उचला, आणि रुमालाची गाठ स्वतः मारली.

ऑफिसातल्या गोष्टी ऑफिसात राहत नाहीत. दोन दिवसांत पुढारी स्वतः आला. पांढरे कपडे, गोड बोलणं, बरोबरच्या माणसांना फाटकाबाहेर उभं केलेलं. न सांगता दोन्ही हात पुढं करून दाखवले त्यानं, मला असा राग आला त्याचा. बाईंना वहिनी म्हणायचा, यजमानांची त्याची ऊठबस होती. मी शेजारीच टेबलाशी होतो, माझी त्यानं दखलही घेतली नाही.

आधी ख्यालीखुशाली झाली. मग म्हणाला, वाळवी काय घर बघून लागती का, ऑफिसातबी लागती. कुणी इचारणारबी न्हाई.

बाई म्हणाल्या, मोरचूद घातलाय, लागत न्हाई.

तो हसला. मग खुर्ची पुढं ओढली आणि आवाज उतरवला. "वहिनी, घराचं सोडा. घर मी दुसरं देतो. पण गेलेल्या माणसाचं नाव कावून घालवायलाव तुमी? लोक इचारतील, मोजणी अशी झाली कशी. मग इचारतील, प्लॉट एवढा स्वस्तात मिळाला कसा."

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. तो नमस्कार करून गेला.

हे खरं होतं का, मला आजही माहीत नाही. एखादा मोजणीदार भर उन्हात साखळी ओढून कंटाळतो, दगड मातीखाली गेलेले असतात, समोर ओढा दिसतो आणि तो ओढ्यालाच हद्द धरतो. अशा चुका होतात, मी पाहिल्यात. आणि तसं नसून दुसरंही काही असू शकतं. बाईंनाही माहीत नव्हतं. विचारायचं कुणाला, ज्याला माहीत होतं तो माणूस गेला होता.

सुनावणीपर्यंतचे ते दिवस वाईट गेले. ऑफिससमोर मोटारसायकली लावून दोघंतिघं नुसती उभी असायची. शिपाई रोज झाडायला म्हणून किल्ली मागायला लागला, ज्यानं आयुष्यात कधी ती खोली झाडली नव्हती. बाईंनी किल्ली कमरेला खोवली आणि जेवायला घरी जाणं बंद केलं. उंबऱ्याबाहेर बसून भाकरी खायच्या. एके दिवशी त्यांच्या आळीतल्या बायका आल्या. त्यांचीही घरं त्याच पट्टीत होती. भांडायला नव्हत्या आल्या, रडत होत्या. तुमच्या एका फडक्यापायी आमची लेकरं उघड्यावर घालताव का, असं विचारत होत्या. बाईंनी त्यांना पाणी दिलं, मान खाली घालून ऐकून घेतलं. मला वाटलं, ह्या ओरडतील, वाद घालतील. काही नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाहेरून आलो, तर रेकॉर्ड रूमचं दार आतून बंद. असं कधीच झालं नव्हतं. मी कडी वाजवली. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवली. काय काय मनात आलं ते सांगत नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं. टेबलावर तो नकाशा पूर्ण उघडून ठेवलेला, आणि त्याच्याजवळ, कापडाला जवळजवळ टेकून, पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. त्या खोलीत. कापडावर हातानं लावलेले रंग, पाणी पडलं असतं तर हिरवं काय, निळं काय, सगळा चिखल झाला असता. आणि कुणाला दोषही देता आला नसता, तांब्या कलंडला म्हणजे कलंडला.

मी तांब्याकडं बघितलं. बाईंनी मी बघितलेलं बघितलं.

"तहान लागलती," म्हणाल्या.

मग तांब्या दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता, बाहेर नेऊन बेसिनमध्ये ओतला. प्यायल्या नाहीत. मी विचारलं नाही, आणि त्यानंतर आम्ही बरोबर कितीतरी वर्षं काढली तरी कधीच विचारलं नाही.

घराचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. उरलेलं गायरान वाचलं, फक्की पुसली गेली. पट्टीतल्या बाकीच्यांनी धावाधाव करून, वरून दबाव आणून आपापली घरं कायम करून घेतली. बाईंनी अर्जच केला नाही. साहेबांनी अर्जाचा मसुदा स्वतः लिहून दिला, तरी नाही. नोटीस यायच्या आधी सामान हलवलं आणि निवृत्त होईपर्यंत भाड्याच्या एका खोलीत राहिल्या. मी एकदा चिडून म्हणालो, बाकीचे राहतात तर तुम्हालाच काय झालंय? मला म्हणाल्या, त्यांना नकाशा वाचता येत न्हाई, मला येतोय.

आता सुनावणी.

प्रांतसाहेबांच्या ऑफिसात खिडक्यांपर्यंत माणसं. एका बाजूला पुढारी आणि त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला तो मेंढरंवाला, एकटा, घोंगडी नीट घडी करून हातावर घेतलेला. बाईंनी रुमाल सोडला, नकाशा पसरला, कोपऱ्यांवर गोटे ठेवले. मी वरून माझा कागद लावला. प्रांतसाहेब तरुण होते, वाकून बघत राहिले. मेंढरंवाल्याला पुढं बोलावून त्यांनी हिरवी पट्टी दाखवली. त्यानं हात लावला नाही, नुसती मान हलवली.

वकील उठला. कापड जुनं आहे म्हणाला, आकसतं, ताणतं, दगड काय आज जागेवर आहेत का. ह्याउलट प्लॉटिंगची मोजणी सरकारी आहे, जबाबदार कर्मचाऱ्यानं केलेली आहे, ती चुकली असं म्हणायला पुरावा काय? प्रांतसाहेबांनी प्लॉटिंगचा कागद हातात घेतला. खाली सही होती, नुसती एक ओढलेली रेघ. त्यांनी विचारलं, ही मोजणी कुणी केली? पूर्ण नाव आणि हुद्दा सांगा, नोंद घ्यायची आहे.

खोलीतल्या निम्म्या लोकांना नाव माहीत होतं. पुढारी बाईंकडं बघत होता, वकील छताकडं.

आमच्याकडं त्या वयाची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नात, सणावाराला कुणी आग्रह केला तर एखाद्या ओळीत गुंफून लाजत घेईल, तेवढंच. बाईंनी तर कधीच घेतलं नव्हतं. ऑफिसात कुणी विचारलं, तर पगाराच्या कागदावरच्या नावावर बोट ठेवायच्या, बँकेत मला पुढं करायच्या. आणि माणूस गेल्यावर तर ते नाव अजूनच आत जातं. म्हणून मीच उठलो. म्हणालो, साहेब, मी सांगतो.

बाईंनी हात आडवा केला. मला खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

मग नाव घेतलं. यजमानांचं, सासऱ्यांचं, आडनाव, सगळं, मागच्या खिडकीतल्या माणसालाही ऐकू जाईल असं. म्हणाल्या, "मोजणीदार. माझे यजमान. हद्द दगडाला धरायची होती, ती वढ्याला धरली. मोजणी चुकीची हाय. लिवा."

कारकुनाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण तो लिहीत नव्हता. प्रांतसाहेब म्हणाले, बाई, तुम्ही बसा, आम्ही बघतो.

"आधी लिवा."

कारकून ओशाळला. खाली बघूनच म्हणाला, नाव पुन्हा एकदा सांगता का, नीट आलं नाही. बाईंनी पुन्हा घेतलं. ह्या वेळी सावकाश, त्याला लिहून घेता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करून.